न्यॉर्डलिंगन: विवरात वसलेलं तटबंदीचं गाव (रीस परिसर, जर्मनी)

पायवाट

जर्मनीतल्या ‘रोमँटिक रोड’ या पर्यटनमार्गाच्या सहलीला जाऊन आलेल्यांच्या फोटोंत रोथेनबुर्ग हमखास असतं, नॉइश्वानश्टाइनचा राजवाडा असतो. न्यॉर्डलिंगनचा असलाच तर मनोऱ्यावरून टिपलेला लाल कौलांचा एखादा. सहलीच्या बसगाड्या तिथे जेवणापुरत्या थांबतात आणि पुढे निघतात. मी या भागात जमेल तेव्हा जात आलो आहे. हे गाव त्याच्या भोवतालच्या मुलखापासून तोडून पाहिलं तर हाती फारसं काही लागत नाही, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून हा धागा. जाऊन आलेल्यांनी भर घालावी, जाणाऱ्यांनी बिनधास्त प्रश्न विचारावेत.

आधी गाव. बव्हेरियाच्या पश्चिम कडेला, म्युनिक काय किंवा श्टुटगार्ट काय, रेल्वेने साधारण दोन तासांवर. वस्ती वीस हजारांच्या आसपास. जुना भाग जवळजवळ गोल आहे आणि त्याभोवतीचा दगडी तट पुरता शाबूत आहे. तटावर छपराखालून चालायची वाट आहे. कुठल्याही वेशीपाशी जिना चढा आणि पावणेतीन किलोमीटरच्या आसपास चालून, अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालून, तिथेच उतरा. वेशी पाच: बालडिंगर, ल्योप्सिंगर, डाइनिंगर, राइमलिंगर आणि बेर्गर. पुढच्या गावाचं नाव वेशीला द्यायची रीत आपल्याला नवी नाही, पुण्यातल्या दिल्ली दरवाजाचं तोंडही दिल्लीकडेच आहे. तटाच्या आतल्या अंगाला टेकून छोटी छोटी घरं आहेत, त्यांत आजही माणसं राहतात. वाळत घातलेले कपडे, खिडकीतली टोमॅटोची रोपं, कुणाच्या तरी स्वयंपाकाचा वास, हे सगळं तटावरून जाताना अगदी हाताशी येतं.

गावाचा पहिला लेखी उल्लेख ८९८ सालचा. १२१५ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या काळात ते साम्राज्याचं मुक्त शहर झालं, म्हणजे वर थेट सम्राट, मधे कुणी सरदार नाही. इथली पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची जत्रा १२१९ पासून कागदोपत्री सापडते. व्यापार इतका वाढला की पहिला तट अपुरा पडला, आणि १३२७ मध्ये लुडविग द बव्हेरियनच्या हुकमाने बाहेरचा, आजचा तट बांधायला घेतला. गावाचं क्षेत्र त्याने चौपट झालं. नकाशा उघडलात तर जुन्या तटाच्या जागी आज गल्ल्यांचं एक आतलं वर्तुळ दिसेल. एगर नदीच्या बाजूला चांभारकुंडांचा, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांचा भाग आहे. तिथल्या घरांना वरच्या मजल्यांवर उघडे सज्जे आहेत, कातडी वाळत घालायला ठेवलेले. बस तिथवर जातच नाही.

आता खरी गोष्ट. गावाच्या मधोमध सेंट गेऑर्गचं चर्च आहे (बांधकाम १४२७ ते १५०५). त्याचा नव्वद मीटर उंचीचा मनोरा ‘दानिएल’ या नावाने ओळखला जातो. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढून वर गेलं की भोवती गोल गाव, त्याच्याभोवती सपाट शेतं, आणि दूरवर चहूबाजूंनी रानाने झाकलेल्या टेकड्यांची कडा. काठ उचललेली परात असावी तसा हा मुलूख आहे. त्यालाच रीस म्हणतात. व्यास सुमारे २४ किलोमीटर. सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी एक-दीड किलोमीटर रुंदीचा लघुग्रह इथे आदळला, त्याचं हे विवर.

ज्या दगडाचं चर्च आणि मनोरा बांधला, तो सुएव्हाइट त्याच आघाताने तयार झालेला आहे. राखाडी, काहीसा सच्छिद्र, आत काचेच्या काळपट चिंध्या अडकलेल्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी भिंतीजवळ उभं राहून त्या चिंध्या डोळ्यांनी पाहता येतात, बोटाने चाचपता येतात. मध्ययुगातल्या गवंड्यांना त्या दगडाचा उगम ठाऊक असणं शक्य नव्हतं. जवळच्या आल्टेनब्युर्गच्या खाणीत मिळत होता, घडवायला सोपा होता, म्हणून त्यांनी तो वापरला. हा दगड उन्हापावसात झिजतो, त्यामुळे चर्चची डागडुजी सतत चालू असते. परांच्या बांधलेल्या दिसल्या तर नाराज होऊ नका.

मनोऱ्यावर आजही पहारेकरी असतो. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने तो वरून हाळी देतो: “झो, गसेल, झो!” गावात मुक्काम केल्याशिवाय ही हाळी कानावर पडत नाही. माझं सांगणं इतकंच आहे की एक रात्र तरी राहा. दोन राहिलात तर उत्तम, म्हणजे एक अख्खा दिवस गावाबाहेर, विवराच्या काठावर घालवता येईल.

खडकवेडा

वा, या भागावर मराठीत कुणीतरी लिहायलाच हवं होतं. भूशास्त्राच्या बाजूने भर घालतो.

रीस हा ज्वालामुखी आहे असंच बहुतेक अभ्यासक १९६० पर्यंत मानत. सुएव्हाइट दिसायला ज्वालामुखीच्या टफसारखा (राखेपासून बनलेल्या दगडासारखा), त्यामुळे ती समजूत अगदीच निराधार नव्हती. अशनीपाताची कल्पना १९०४ मध्ये आणि पुन्हा १९३६ मध्ये मांडली गेली होती, पण तिला कुणी जुमानलं नाही. १९६० च्या उन्हाळ्यात अमेरिकी भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर इथे आले, ओटिंगच्या खाणीतून नमुने घेतले आणि अमेरिकेत एडवर्ड चाओंकडे पाठवले. चाओंना त्यात कोएसाइट सापडलं. कोएसाइट म्हणजे क्वार्ट्झचंच प्रचंड दाबाखाली बनणारं रूप. तसला दाब ज्वालामुखीच्या स्फोटात, भूपृष्ठाजवळ निर्माण होत नाही. वाद तिथेच मिटल्यात जमा झाला. १९७३ मध्ये विवरात १२०६ मीटर खोल संशोधन-बोअर घेतलं, त्यातून आतली रचना उलगडली.

आघाताच्या वेळचा क्रम समजून घेतला की तिथले दगड वाचता येतात. वरच्या थरांतला चुनखडक, शेल, वालुकाश्म आधी उखडून बाहेर फेकला गेला. त्याची रंगीबेरंगी सरमिसळ विवराबाहेर कितीतरी किलोमीटरपर्यंत पसरलेली आहे. त्याखालचा ग्रॅनाइट आणि ‘नाइस’ नावाचा खडक भाजून, वितळून, चिरडून निघाला. तो ढगासारखा वर उसळला आणि नंतर त्या सरमिसळीवर बसला. तो सुएव्हाइट. एटिंगनजवळच्या आउम्यूलं खाणीत हे दोन थर एकमेकांवर स्पष्ट दिसतात, मधली रेघसुद्धा बोटाने दाखवता येते. विवर घडायला लागलेला एकूण वेळ मिनिटांत मोजायचा.

आणि एक: सुरुवातीच्या क्षणी वरच्या वाळूचा जो थर वितळून उडाला, त्याची हिरवी काच तीनशे-चारशे किलोमीटर पूर्वेला, आजच्या चेक प्रजासत्ताकात जाऊन पडली. मोल्डाव्हाइट म्हणून दागिन्यांत मिरवणारा हिरवा खडा तो हाच.

जुनी_पानं

सुंदर लेखन, पायवाट. पण या गावाच्या इतिहासाची काळी पानंही धाग्यात असायला हवीत.

१५८९ ते १५९८ या काळात इथे चेटकिणींचे खटले चालले. ३४ बायका आणि एक पुरुष मारले गेले. त्यात गावातल्या प्रतिष्ठित घरांतल्या बायकाही होत्या. रेबेका लेम्प ही शहराच्या खजिनदाराची बायको. तिने तुरुंगातून नवऱ्याला लिहिलेली आणि मुलांनी तिला लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत. १५९० मध्ये तिला जाळलं. ती पत्रं मी भाषांतरातून वाचली आहेत. मुलं आईला घरची खुशाली कळवतात, ती लवकर परत येईल असं धरून चालतात. ते वाचल्यावर बराच वेळ दुसरं काही सुचत नाही.

मग मारिया होल, ‘सोनेरी मुकुट’ या खाणावळीची मालकीण. १५९३-९४ मध्ये तिचा ६२ वेळा छळ केला. तिने कबुली दिली नाही. तिचं माहेर उल्मकडचं. उल्म शहराने तिच्या बाजूने शब्द टाकला, आणि अखेर तिला सोडावं लागलं. तिच्या खंबीरपणानंतर लोकांचा या खटल्यांवरचा विश्वास ढासळत गेला. वाइनमार्क्ट या चौकातल्या कारंजाला आज तिचं नाव आहे. बिअर गार्डनकडे जाताना तिथे पाच मिनिटं थांबा, एवढी विनंती.

तीस वर्षांच्या युद्धात ६ सप्टेंबर १६३४ रोजी गावाच्या दक्षिणेला आल्बुख टेकडीवर मोठी लढाई झाली. सम्राटाच्या आणि स्पेनच्या फौजांनी स्वीडिश-प्रोटेस्टंट सैन्याची वाताहत केली, स्वीडनचा सेनापती गुस्ताफ होर्न कैद झाला. कॅथलिक बाजू आता डोईजड होणार हे पाहून पुढच्याच वर्षी फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. वेढ्यात सापडलेलं न्यॉर्डलिंगन शरण गेलं. त्यानंतर हे गाव पूर्वीच्या वैभवाला पुन्हा कधी पोचलं नाही. आज आपण ज्याला ‘जपलेलं मध्ययुगीन गाव’ म्हणून वाखाणतो, ते जपलं गेलं यामागे ही पडझडही आहे. नवं बांधायला पैसा नव्हता, तट ओलांडून वाढायला माणसं नव्हती.

देशाटन

माहिती छानच, पण एक वेगळं मत. आम्ही रोथेनबुर्ग, डिंकल्सब्यूल आणि न्यॉर्डलिंगन अशी तिन्ही गावं एका दमात केली. डोळ्यांना सर्वांत सुखावलं ते डिंकल्सब्यूल. तिथली लाकडी चौकटींची रंगीत घरं पाहून आईबाबा हरखून गेले. न्यॉर्डलिंगन त्या मानाने साधं, कामाधामाचं गाव वाटलं. वेळ कमी असेल तर मी डिंकल्सब्यूल सुचवेन.

वयस्कर मंडळींसाठी: मनोरा चढणं अवघड आहे, लिफ्ट नाही. वरचा जिना लाकडी आणि अरुंद आहे.

पायवाट

जुनी_पानं, मनापासून आभार. हे सगळं मूळ लेखात घालण्यापेक्षा तुमच्या शब्दांतच शोभतंय.

देशाटन, डिंकल्सब्यूल देखणं आहे यात वादच नाही. पण ‘कामाधामाचं गाव’ हेच मला न्यॉर्डलिंगनचं मोठेपण वाटतं. आठवड्याच्या बाजारात भाजी घेणारे लोक गावातलेच असतात, शाळा सुटली की तटाखालच्या बोळातून मुलांच्या सायकली सुसाट जातात. रोथेनबुर्गच्या मुख्य रस्त्यावर सकाळी अकरानंतर गावकरी शोधावा लागतो.

ज्येष्ठांसोबत असाल तर मनोऱ्याऐवजी रीस क्रेटर म्युझियम गाठा. १५०३ सालच्या एका प्रचंड कोठारात १९९० पासून आहे. अपोलो १६ ने आणलेला चंद्रावरचा दगड तिथे ठेवलेला आहे. त्यामागचं कारण असं, की ऑगस्ट १९७० मध्ये नासाने अ‍ॅलन शेपर्ड, एडगर मिशेल, यूजीन सर्नन आणि जो एंगल या अंतराळवीरांना इथे प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं. आघाताने बदललेला दगड कसा ओळखायचा, चंद्रावरून नेमकं काय उचलून आणायचं, हे ते इथल्या खाणींत शिकले. पुढच्या फेब्रुवारीत शेपर्ड आणि मिशेल चंद्रावर उतरले.

मेहकरची_पोर

धागा वाचून राहवलं नाही. माझं माहेर लोणारपासून जवळ. लहानपणी कमळजा देवीच्या दर्शनाला विवरात उतरायचो, तेव्हा हे सारं आकाशातून पडलेल्या दगडाने झालंय हे शाळेतल्या सरांनी सांगितलेलं. विश्वास बसायचा नाही. आता फ्रांकफुर्टजवळ राहते आणि इतक्या जवळ लोणारचं मोठं भावंड आहे हे आजच कळलं! दोन्हींची तुलना कुणी करून सांगेल का? मला मुलांना घेऊन जायचं आहे, आजोळच्या तळ्याची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

खडकवेडा

ताई, आनंदाने सांगतो.

लोणार लहान आणि तरुण: व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास. वयाबद्दल मतभेद आहेत. जुनी मोजणी सुमारे ५० हजार वर्षं सांगते, अलीकडची ५ लाख ७० हजार. लोणारचं जागतिक महत्त्व असं की ते बेसाल्टमध्ये, आपल्या दख्खनच्या काळ्या पत्थरात कोरलं गेलंय. चंद्राचे आणि मंगळाचे मोठे भाग बेसाल्टचे आहेत, म्हणून तिकडची विवरं समजून घ्यायला अभ्यासक लोणारला येतात. ते अशनीपातानेच झालंय हे ठामपणे सांगणारा शोधनिबंध १९७३ चा, म्हणजे रीसचं बोअर घेतलं त्याच वर्षीचा.

रीसमध्ये आज तळं नाही, पण होतं. विवर घडल्यावर पाणी साचून जे सरोवर झालं ते सुमारे वीस लाख वर्षं टिकलं, आणि सुरुवातीच्या काळात तेही लोणारसारखं खारं, सोडायुक्त होतं. पाणी बाहेर जायला वाट नाही, बाष्पीभवन चालू, क्षार साचत जाणार, दोन्हीकडे कारण एकच. मुलांना हाइन्सफार्टजवळच्या ब्यूशेलबर्गवर जरूर न्या. तिथल्या खडकात त्या सरोवराच्या काठचे शेवाळाचे थर आणि हजारो इवल्या गोगलगायी आहेत. वालरश्टाइन गावातला सुळका आणि गोल्डबर्ग टेकडी, दोन्ही त्याच सरोवरातल्या झऱ्यांनी साठवलेल्या चुन्याच्या. आज लोणारच्या काठावर आपण जे पाहतो, तसं काहीसं रीसमध्ये माणूस अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी घडून गेलं.

लोणार २०२० पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, रीस २०२२ पासून युनेस्को ग्लोबल जिओपार्क. रीसमध्ये प्रत्येक खाणीपाशी पायवाट आणि समजेल असा फलक आहे. लोणारलाही प्रत्येक कड्यापाशी, धारेपाशी, दैत्यसूदनाच्या देवळापाशी तिथलं भूशास्त्र मराठीत सांगणारे असे फलक पाहायची माझी फार इच्छा आहे.

मेहकरची_पोर

किती छान समजावलंत दादा! ब्यूशेलबर्ग नक्की. मुलं गोगलगायींसाठी आतापासूनच उड्या मारताहेत.

निळी_शाई

गावातल्या भिंतींत हिरे आहेत असं एका व्हिडिओत पाहिलं. खरं का?

खडकवेडा

खरं आहे. तिथल्या खोल खडकात ग्राफाइट होतं, आघाताच्या दाबाने त्याचे हिरे झाले आणि ते सुएव्हाइटमध्ये आले. पण आकार मिलिमीटरच्या अंशात. दागिन्याच्या कामाचे नाहीत, नुसत्या डोळ्यांनी दिसतही नाहीत. चर्चच्या भिंतीवर चमकणारं जे काही लोक फोटोत दाखवतात ते हिरे नव्हेत.

गोलपोस्ट

फुटबॉलपटू गेर्ड म्युलरचं गाव हे! १९४५ चा जन्म, टीएसव्ही १८६१ न्यॉर्डलिंगनमधून सुरुवात, बुंडेसलिगात ३६५ गोल आणि १९७४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातला विजयी गोल. स्टेडियमला त्याचं नाव दिलंय. फुटबॉलवेड्यांनी तिकडेही चक्कर मारावी.

शिट्टी

रेल्वेप्रेमींनो, स्थानकाला लागूनच जुन्या लोकोशेडमध्ये बव्हेरियन रेल्वे म्युझियम आहे. वाफेच्या इंजिनांचा मोठा ताफा, आणि ठरावीक दिवशी त्यातली काही इंजिनं खरोखर धावतात. तारखा पाहूनच बेत आखा. या गावात १८४९ मध्ये रेल्वे आली.

सुट्टीवर

आम्ही दोघं मे महिन्यात जायचं म्हणतोय, गाडी नाही, शाकाहारी आहोत. तीन दिवसांत काय बसेल?

पायवाट

मे उत्तम. कडेच्या चुनखडी माळांवर फुलं असतात, मेंढ्यांचे कळपही दिसतात. श्पार्गेलचा, म्हणजे शतावरीच्या कोंबांच्या भाजीचा, हंगाम २४ जूनपर्यंत चालतो, त्यामुळे बहुतेक खाणावळींत तिचे पदार्थ मिळतील. केझेश्पेट्झलं (चीज घातलेल्या जाडसर शेवया) सगळीकडे मिळतं. माउलटाशनमध्ये (सारण भरलेल्या पिठाच्या पुड्यांमध्ये) बहुधा मांस असतं, विचारून घ्या.

पहिला दिवस गावातच. सकाळी मनोरा, मग म्युझियम, संध्याकाळी ऊन उतरल्यावर तटाची प्रदक्षिणा, रात्री दहाला चर्चच्या चौकात. रात्हाउसच्या (नगरभवनाच्या) बाहेरचा दगडी जिना (१६१८) पाहा. खाली वेड्यांना कोंडायची जुनी कोठडी आहे आणि त्यावर विदूषकाची आकृती. शेजारचा लेख म्हणतो, ‘आता आपण दोघं झालो.’

दुसरा दिवस ओफनेटच्या गुहांसाठी ठेवा. होलहाइम गावापर्यंत बस किंवा सायकल, मग थोडी चढण. १९०८ मध्ये या गुहेत मध्याश्मयुगातल्या माणसांच्या तीसहून अधिक कवट्या दोन खड्ड्यांत मांडून ठेवलेल्या सापडल्या. कित्येकींभोवती शिंपल्यांचे आणि हरणाच्या दातांचे दागिने होते. गुहेखाली रोमन काळातल्या शेतवाड्याचा पाया आहे, आणि पलीकडे लिंडलंची बंद खाण, जिथे आघाताने चुरडलेला चुनखडक उघडा पडलाय. अश्मयुग, रोम आणि उल्का, तिन्ही एका दुपारच्या चालीत.

तिसऱ्या दिवशी डोनाउव्योर्टच्या गाडीने हार्बुर्ग. व्योर्निट्झ नदीवरचा किल्ला स्टेशनवरून चालत जाण्यासारखा आहे. बुरूज, खांबांवरची लाकडी गस्तवाट, आतलं चर्च, सगळं चांगल्या अवस्थेत. गडकिल्ल्यांची आवड असेल तर इथे वेळ कमी पडेल. प्रवासाला डॉइचलांड-टिकिट (देशभर चालणारा मासिक पास) चालतं, कारण सगळ्या गाड्या प्रादेशिक आहेत.

वाटाड्या

हार्बुर्गऐवजी किंवा चौथा दिवस काढता आला तर वेमडिंग सुचवतो. फुक्सिया फुलाला ज्यांचं नाव दिलं ते वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनहार्ट फुक्स यांचं हे जन्मगाव (१५०१). गावाबाहेरच्या टेकाडावर काळ-पिरॅमिड आहे. १९९३ पासून दर दहा वर्षांनी काँक्रीटचा एकच ठोकळा ठेवतात, एकूण १२० ठेवायचे आहेत, काम पुरं होईल ३१८३ साली. चौथा ठोकळा २०२३ मध्ये बसला. शूमेकरांनी नमुने घेतलेली ओटिंगची खाण इथून जवळ, सायकलने सहज होते.

सुट्टीवर

दोघांचे खूप आभार. चार दिवसच काढतो मग. वेमडिंगला रेल्वे जाते का?

वाटाड्या

न्यॉर्डलिंगनहून बस आहे, पण शनिवार-रविवारी फेऱ्या फार कमी. सोमवार ते शुक्रवारात बसवा, आणि परतीची शेवटची बस आधीच पाहून ठेवा. सायकल भाड्याने घेतलीत तर विवराचा तळ सपाट असल्याने फारसा दम लागत नाही, चढ फक्त कडेला येतो.